क्रोमच्या चाकावर रंग बसलाय? घासू नका, भिजू द्या

मे महिना लागला की कोकणात जिकडेतिकडे ब्रश आणि रंगाचे डबे दिसू लागतात. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढल्या जातात आणि त्यांच्या डागडुजीला, रंगाला हात लागतो. पाऊस यायच्या आत खिडक्यांच्या गजांना, लोखंडी फाटकाला, शेडच्या खांबांना रेड ऑक्साइड मारून घ्यायची घाई प्रत्येक घरात असते. महामार्गाच्या नव्या टप्प्यांवर पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्या ओढल्या जातात. या सगळ्याच्या आसपास गाड्या उभ्या असतात किंवा धावत असतात. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. कॉम्प्रेसरने रंग मारला जात असेल तर त्याचा फवारा त्या वाऱ्यावर लांब जातो आणि मिळेल त्या पृष्ठभागावर बसतो. काचेवरचा डाग पटकन निघतो. चाकावरचा मात्र आठ-पंधरा दिवसांनी दिसतो, तोवर तो पक्का झालेला असतो.

दुसरा प्रकार जुन्या गाड्या घेणाऱ्यांच्या वाट्याला येतो. आधीच्या मालकाने हौसेने क्रोमच्या चाकांवर काळा स्प्रे मारलेला असतो. कुठेतरी पोपडा निघतो, आत लखलखीत काहीतरी दिसतं आणि नव्या मालकाला वाटतं, हे सगळं काढूया.

दोन्ही वेळेला पहिला हात जातो तो घासणीकडे, पॉलिश पेपरकडे नाहीतर ॲसिडच्या बाटलीकडे. क्रोमची चाकं रंगाने खराब होत नाहीत, ती या तीन गोष्टींनी खराब होतात. रंग अंगावर असताना क्रोमला काही त्रास नसतो. तो काढणाऱ्याच्या घाईचा त्रास होतो, आणि खारी हवा असलेल्या किनाऱ्यावर तो दुरुस्त होत नाही, वाढत जातो. असं का, हे एकदा समजलं की काय वापरायचं आणि काय नाही, हे पाठ करावं लागत नाही.

चाकावरचं क्रोम म्हणजे नेमकं किती?

क्रोमियम हा धातू व्होक्लॅं या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली शोधला. तो ज्या खनिजापासून मिळतो, त्या क्रोमाइटचे साठे आपल्याकडे कणकवलीजवळ वागदे-जानवली भागातही आहेत. देशातलं बहुतेक क्रोमाइट ओडिशातून येतं, ही गोष्ट वेगळी. सांगायचा मुद्दा असा की चाक ‘क्रोमचं’ आहे असं आपण म्हणतो, पण ते क्रोमियमचं बनलेलं नसतं. चाक असतं पोलादाचं किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, ज्याला आपण अलॉय म्हणतो. त्यावर विजेच्या साहाय्याने एकावर एक धातूंचे थर चढवलेले असतात. याला प्लेटिंग म्हणतात. अनेकदा तळाशी तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम.

आता आकडे बघा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडीच्या बाहेरच्या भागांवर निकेलचा थर साधारण २० ते ४० मायक्रॉन असतो. सगळ्यात वरचं क्रोमियम मात्र ०.२ ते ०.५ मायक्रॉन, बस्स. रंगाचा एक सुकलेला हात ३०-४० मायक्रॉनचा भरतो. म्हणजे तुम्ही जो रंग खरवडून काढायला निघालात, तो त्याच्या खालच्या क्रोमपेक्षा शंभरपट जाड आहे. खरवडणारा हात रंग संपल्यावर नेमका थांबेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

चकाकी बरीचशी खालच्या निकेलची असते. निकेल हवेत काळवंडतं, पिवळट पडतं. त्याला झाकून ठेवायचं काम वरचा क्रोमियमचा थर करतो. क्रोमियमवर स्वतःच हवेतल्या ऑक्सिजनचा एक न दिसणारा पापुद्रा तयार होतो आणि तो पुढचा गंज रोखतो. क्रोमला निळसर झाक असते, निकेलला पिवळसर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

क्रोम एवढं कठीण, मग ओरखडा उठतो कसा?

हा प्रश्न बरोबर आहे. क्रोमियम खरोखरच अत्यंत कठीण धातू आहे. पोलादापेक्षा, काचेपेक्षा, समुद्राच्या वाळूतल्या गारगोटीच्या कणांपेक्षाही कठीण. पण कठीण असणं आणि जाड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूचा कण कापडाखाली दाबला गेला की क्रोमचा थर झिजत नाही, पण त्याच्या खालचं निकेल मऊ असल्यामुळे ते दबतं. आधार गेला की वरचा पातळ थर तडकतो. डोळ्याला तो ओरखडा दिसतो, प्रत्यक्षात ती बारीक भेग असते.

त्या भेगेतून खारं पाणी आत जातं. मिठातला क्लोराइड निकेलला भोकं पाडतो आणि पोलादापर्यंत किंवा ॲल्युमिनियमपर्यंत पोचतो. तिथे दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी असा बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो, आणि त्यात नेहमी खालचा धातू खाल्ला जातो. भोक टाचणीच्या टोकाएवढं असल्याने सगळा मारा त्या एका जागेवर होतो. पोलादी चाकावर तांबूस ठिपके येतात, अलॉयवर पांढरी भुकटी आणि फुगवटे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या गावांत जुन्या गाड्यांचे बंपर बघा, हे ठिपके दिसतील. घाटावर जो ओरखडा वर्षानुवर्षं ओरखडाच राहील, त्याचं इथे दोन पावसाळ्यांत भोक होतं. म्हणून आपल्याकडे जास्त जपायचं.

आधी हे बघा: चाक खरंच क्रोमचं आहे का?

बाजारात ‘क्रोम’ म्हणून चार-पाच वेगळ्या गोष्टी चालतात आणि एकाला चालणारं औषध दुसऱ्याला मारक ठरतं. लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर पोलादी रिम. चिकटला नाही तर अलॉय किंवा प्लॅस्टिक. बोटाच्या पेराने टकटक करा. प्लॅस्टिकचा आवाज पोकळ येतो आणि मागच्या बाजूला अडकवायच्या क्लिपा दिसतात. हे व्हील कॅप. यावरही खरं प्लेटिंग असू शकतं, पण खाली एबीएस नावाचं प्लॅस्टिक असतं आणि ते ॲसिटोनमध्ये चक्क विरघळतं. पुढची बाजू धातूच्या थराने झाकलेली म्हणून वाचेल, पण कडा आणि मागची बाजू चिकट होऊन जाईल. कॅप काढून घ्या, त्यावर थिनर आणि ॲसिटोन नकोच.

फसवा प्रकार म्हणजे लॅकरखालचं क्रोम. हल्ली काही चाकांवर धातूचा अतिपातळ थर चढवून त्यावर पारदर्शक लॅकर मारतात. नुसता क्रोम स्प्रे मारलेली चाकंही असतात. चकचकीत घासलेल्या ॲल्युमिनियमवर क्लिअर कोट मारलेलीही असतात. या तिन्हींमध्ये तुमचा हात धातूला लागतच नाही, लॅकरला लागतो. नको असलेला रंग ज्याने निघेल, त्याने हे लॅकरही निघायची शक्यता दाट.

ओळखायचं कसं? चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही अशा जागी, कापसाच्या काडीवर थोडं थिनर घेऊन अर्धा मिनिट टेकवा. जागा चिकट लागली, धुरकट झाली किंवा कापसावर पारदर्शक राळ आली, तर वर लॅकर आहे. काहीच झालं नाही, थिनर उडून गेल्यावर चकाकी आहे तशीच राहिली, तर खरं प्लेटिंग. ही परीक्षा टाळून पुढे जाऊ नका. लॅकर एकदा गेलं की सावरता येत नाही.

थिनर लावून पुसलं की झालं, त्यात एवढं काय?

फणस फोडल्यावर हाताला लागलेला चीक पाण्याने जात नाही. साबण लावून घासलं तर चीक जात नाही, कातडी मात्र लाल होते. खोबरेल तेल चोळलं की तोच चीक मुकाट्याने सुटतो. रंगाचं गणित हेच आहे. जोर वाढवून भागत नाही, ज्यात तो रंग विरघळतो ते द्रव्य शोधावं लागतं. आणि सगळे रंग एकाच द्रव्यात विरघळत नाहीत, म्हणून ‘थिनर’ हे एकच उत्तर पुरत नाही.

भिंतीला मारायचा पाण्यातला रंग, इमल्शन किंवा डिस्टेंपर, हा सगळ्यात सोपा. ताजा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यानेच निघतो. सुकलेला असेल तर हातांना लावायचं सॅनिटायझर, पातळ पाण्यासारखं मिळतं ते, कापडावर घेऊन दहा मिनिटं दाबून ठेवा. त्यातल्या अल्कोहोलने रंग मऊ पडतो.

डबीतला स्प्रे आणि गॅरेजमध्ये टच-अपला मारतात तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, हे दोन्ही नुसते सुकलेले असतात. म्हणजे त्यातलं पातळ द्रव्य उडून गेलं आणि राळ मागे राहिली. थिनर परत मिळालं की ती परत पातळ होते. काळा स्प्रे मारलेली चाकं बहुतेक या गटात येतात आणि खरं प्लेटिंग असेल तर त्यांचं काम अपेक्षेपेक्षा सोपं होतं.

होडीचा, फाटकाचा, गजांचा रंग म्हणजे ऑइल पेंट. हा सुकत नाही, पक्का होतो. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यातले तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. एक-दोन दिवसांचा असेल तर टर्पेंटाइनने जातो. पूर्वी यासाठी घरोघरी रॉकेल होतं, आता ते सहज मिळत नाही, टर्पेंटाइन मात्र कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. महिनाभर जुना झाला की तो विरघळत नाही, फक्त फुगतो. फुगला की त्याची पकड सुटते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

शेवटी राहिले टू-के पीयू (दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग) आणि पावडर कोटिंग. पहिल्यात रंग आणि हार्डनर मिसळून मारतात, दुसऱ्यात भुकटी चढवून भट्टीत भाजतात. दोन्हींमध्ये रेणूंची जाळी घट्ट बांधली जाते. साध्या थिनरने ती हलत नाही. यांना पेंट रिमूव्हर लागतो, आणि पावडर कोटिंग असेल तर घरी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

कुठला रंग आहे हे माहीत नसेल तर सौम्य द्रव्यापासून सुरुवात करा. आधी साबणाचं पाणी, मग टर्पेंटाइन, मग सॅनिटायझर, मग ॲसिटोन किंवा थिनर. प्रत्येकाला पाच मिनिटं द्या. कापसावर रंग उतरला तर तेच तुमचं औषध. रंगाला सुरकुती पडली तर तेच, फक्त वेळ जास्त लागेल. काहीच झालं नाही तर पुढचं.

प्रत्यक्ष काम

जमलं तर चाक काढून घ्या. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, काढायच्या चाकाच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला दगड लावा आणि मगच जॅक. चाक गाडीला असताना रिमूव्हर किंवा थिनर ओतलं तर ते ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर जातं. काढलेलं चाक गोणपाटावर आडवं ठेवा. सावलीत, आणि शक्यतो सकाळी. मेच्या उन्हात तापलेल्या धातूवर थिनर टिकत नाही, रंगात शिरायच्या आत उडून जातं.

मग धुवा. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात, पण निम्मं क्रोम इथेच वाचतं. आपल्याकडच्या चाकांवर जांभ्याची लाल धूळ असते, आणि पुळणीवर गाडी घातली असेल तर वाळू. आधी नुसत्या पाण्याचा जोराचा झोत, मग गाडीचा शाम्पू आणि मऊ कापड, मग परत पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, नळाचं घ्या.

टायरला थिनर लागलं तर रबर कोरडं पडतं. रिमच्या कडेला टायरच्या फटीत पत्त्यांच्या जुन्या कॅटमधली पानं खोचत गेलात तर चांगली आडोशाची भिंत तयार होते. हवा भरायच्या नोझलवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा.

आता मुख्य भाग. जुन्या सुती बनियनचा तुकडा द्रव्यात भिजवा, रंगावर ठेवा आणि वरून पॉलिथिनचा कागद दाबून लावा. द्रव्य उडून जाऊ नये म्हणून हा कागद. सगळी किमया या कागदात आहे. उघड्यावर थिनर एका मिनिटात उडतं, झाकलं की पंधरा-वीस मिनिटं काम करत राहतं. मग कागद उचलून बघा. ऑइल पेंट असेल तर आधी कडेला बारीक सुरकुती दिसते, नंतर ती मधे सरकते, आणि एका क्षणी अख्खा तुकडा भिजलेल्या पापडासारखा सैल होतो. त्याच्या खाली प्लॅस्टिकचं जुनं एटीएम कार्ड आडवं सरकवलं की तो उचलला जातो. अडला तर जोर लावू नका, परत भिजवा. दोनदा, तीनदा भिजवावं लागलं तरी बिघडत नाही, कारण भिजण्याने क्रोमला काहीच होत नाही. थिनर, टर्पेंटाइन, ॲसिटोन यांपैकी एकालाही धातू विरघळवता येत नाही.

नक्षीच्या कोपऱ्यात, नटांच्या भोवती राहिलेला रंग जुन्या मऊ टूथब्रशने किंवा बांबूच्या काडीने काढा. कापड सारखं बदलत राहा, नाहीतर निघालेला रंगच परत पसरतो. आणि मघाशी सांगितलेली निळसर-पिवळसर झाक इथे लक्षात ठेवा. पुसताना कुठे पिवळट छटा दिसू लागली तर क्रोम संपून निकेल उघडं पडतंय. तिथेच थांबा.

सगळं उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नाही. थिनरची वाफ डोक्याला लागते आणि ठिणगीने पेट घेते. आसपास बिडी, शेगडी, वेल्डिंग नको. हातात रबरी मोजे घाला, आणि फाटले किंवा मऊ पडले की लगेच बदला. रिमूव्हर वापरणार असाल तर डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलंय का ते वाचा. याची वाफ शरीरात गेल्यावर तिचं कार्बन मोनॉक्साइड बनतं. अमेरिकेत घरगुती वापरासाठी अशा रिमूव्हरच्या विक्रीवर २०१९ साली बंदी आली, ती यातून माणसं दगावल्यामुळे. दुसरा पर्याय मिळाला तर तो घ्या.

महामार्गाच्या पट्ट्यांचा रंग मात्र वेगळा

मुंबई-गोवा महामार्गावरून येणाऱ्यांना हा अनुभव असेल. नुकत्याच ओढलेल्या पट्टीवरून चाक गेलं आणि रिमवर पांढरे-पिवळे जाड शिंतोडे बसले. हा नेहमीचा रंग नव्हे. बऱ्याच ठिकाणी पट्ट्या थर्मोप्लास्टिकच्या असतात. ते राळ, चुनखडीची भुकटी आणि रंगद्रव्य यांचं मिश्रण असतं. ते सुमारे १८० ते २०० अंशांपर्यंत तापवून, वितळवून रस्त्यावर ओततात आणि थंड झालं की घट्ट होतं. रात्री दिव्याच्या उजेडात पट्टी चमकावी म्हणून त्यात काचेचे अतिबारीक मणी मिसळलेले असतात, वरूनही टाकतात.

अशा शिंतोड्यावर नख फिरवून बघा, खरखरीत लागेल. ते मणी. हा डाग पुसायला गेलात तर काचेचे मणी कापडाखाली फिरवत राहाल आणि चाकावर गोल गोल रेघा उठतील. म्हणून याला पुसायचंच नाही, उचलायचं. त्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड लेप देऊन रात्रभर ठेवा. सकाळी टर्पेंटाइनचा कपडा झाकून अर्धा तास. राळ मऊ झाली की कार्डाने अलगद उचला आणि प्रत्येक तुकड्यानंतर कार्डाची कड पुसून घ्या. शेवटी पाण्याच्या झोताने उरलेले मणी घालवा, आणि त्यानंतरच कापड लावा. डांबराच्या ठिपक्यांनाही टर्पेंटाइन चालतं, पण त्यात मणी नसल्याने एवढी काळजी लागत नाही.

ॲसिडने दोन मिनिटांत निघतं म्हणतात

म्हणतात खरं, आणि असे व्हिडिओही भरपूर फिरतात. संडास साफ करायच्या द्रवात, फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. प्लेटिंगचे कारखानदार जुनं क्रोम उतरवायचं असेल तेव्हा हेच ॲसिड वापरतात. रंगाची राळ ॲसिडला फारशी दाद देत नाही, पण रंगाच्या कडेने आत शिरून ते क्रोम खातं, त्याच्या खालचा आधार गेला की रंग निघाल्यासारखा दिसतो. आपण रंग काढला नाही, त्याच्या खालची जमीन काढली. शिवाय यातला क्लोराइड भेगांमध्ये राहतो, म्हणजे समुद्राने जे काम दोन वर्षांत केलं असतं ते बाटलीतून एका दिवसात.

कॉस्टिक सोड्याचंही तेच. पोलादी चाक एखादे वेळी निभावेल, पण अलॉयवर कुठे भेग असली तर तो आतलं ॲल्युमिनियम फसफसवत खातो, हायड्रोजन सुटतो आणि वरचं प्लेटिंग पापुद्र्यासारखं निघतं.

मग आपली आमसुलं, चिंच, राख?

देवाची तांब्याची भांडी आमसुलाने लख्ख होतात हे आपण लहानपणापासून बघतो, त्यामुळे हे विचारणाऱ्यांना हसू नये. आमसुलातलं आणि चिंचेतलं सौम्य आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं. तो थर धातूचाच असतो, तांबं आणि ऑक्सिजन मिळून झालेला. रंग हा धातू नाही, राळ आहे. आमसुलाला त्यात धरायला काही नाही. नुकसान फारसं नाही, पण फायदाही शून्य.

राखेची गोष्ट वेगळी. राख आणि सोडणाने पितळेचा टोप घासतात, कारण टोप जाड असतो आणि थोडा झिजला तरी पिढ्यान् पिढ्या पुरतो. राखेत सिलिकाचे कण असतात. क्रोमला ते नको. बहुतेक हिरव्या घासण्यांत तर ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी चिकटवलेली असते, जी क्रोमच्या तोडीस तोड कठीण आहे.

तारेच्या बारीक लोकरीबद्दल, ज्याला चार शून्यांची (००००) स्टील वूल म्हणतात, बाहेरच्या देशांतले जाणकार चांगलं बोलतात. क्रोम पोलादापेक्षा कठीण असल्याने तिथे ती चालतेही. इथे मी ती सुचवणार नाही. तिचे तुटलेले तंतू खाचांत अडकून राहतात आणि आपल्या हवेत दोन दिवसांत गंजून डाग पाडतात. घासायचंच असेल तर ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून, भरपूर साबणाच्या पाण्यात, हलक्या हाताने. ती क्रोमपेक्षा खूपच मऊ असते. गंजाच्या ठिपक्यांवरही तिचा उपयोग होतो.

गॅरेजवाला म्हणतो, सँडब्लास्ट करून देतो

ते रंगासाठी उत्तम तंत्र आहे, पण ज्यावर परत रंगच मारायचा आहे अशा लोखंडासाठी. वाळूचा मारा रंग, क्रोम, निकेल यांत भेद करत नाही. ड्रिलला लावलेला तारेचा ब्रशही तसाच. हीट गनबद्दलही विचारणा होते. एकाच जागी जास्त उष्णता दिली तर थर आणि खालचा धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि प्लेटिंग सुटू शकतं, टायरला धोका तो निराळाच. केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा चालेल, त्यापुढे नको.

काम बाहेर द्यायचं असेल तर एकच प्रश्न विचारा: कशात बुडवणार? ॲसिडचं किंवा कॉस्टिकचं टाकं असेल तर चाक परत घेऊन या. नव्याने प्लेटिंग करून घेणं हा शेवटचा मार्ग आहे. खर्च मोठा, किनाऱ्यावरच्या माणसाला त्यासाठी अनेकदा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि या धंद्याचं सांडपाणी फार विषारी असतं. एका डागासाठी तिथवर जायची वेळ येऊ नये.

रंगाखाली काय निघेल, हेही धरून चाला

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे मनाशी पक्कं करावं. अख्ख्या क्रोमवर माणूस रंग क्वचितच मारतो. पुष्कळदा ठिपके आले, पापुद्रे सुटले म्हणून ते झाकायला मारलेला असतो. म्हणून चारही चाकांना एकदम हात घालण्याआधी एका चाकाची तळहाताएवढी जागा साफ करून बघा. चकाकी सलग असेल तर पुढे जा. ठिपके असतील तर ते रंग काढल्यामुळे आले नाहीत, आधीच होते. सुटलेल्या पापुद्र्यांची धार पात्यासारखी असते, बोट कापतं. तोच पापुद्रा टायर जिथे रिमला टेकतो त्या कडेवर असेल तर तिथून हवा हळूहळू निसटत राहते. दर आठवड्याला एकाच चाकात हवा भरावी लागत असेल तर पंक्चरवाल्याला टायर उतरवून ती कड बघायला सांगा. अशा चाकाला क्रोम दाखवायच्या हट्टापेक्षा कड नीट करून चांगला रंग मारून घेणं शहाणपणाचं.

काम झाल्यावर

द्रव्याचा तेलकट थर राहतो, तो शाम्पूने धुवा, भरपूर गोड्या पाण्याने खळबळा आणि लगेच कोरडं करा. मग गाडीचं साधं वॅक्स पातळ लावून पुसून घ्या. क्रोम पॉलिश लागलंच तर वर्षातून एखादेवेळी, कारण त्यातही बारीक घासणारी भुकटी असते. वॅक्स मात्र पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आवर्जून. भेगांमध्ये खारं पाणी शिरू न देणं एवढंच त्याचं काम, पण आपल्या हवेत त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

उरलेलं थिनर आणि टर्पेंटाइन वहाळात, परसात किंवा विहिरीच्या काठावर ओतू नका. जांभ्याच्या जमिनीतून ते पाण्यात उतरायला वेळ लागत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा, गाळ खाली बसला की वरचं परत वापरता येतं. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती पसरून उघड्यावर सुकू द्या, मगच टाका.

चाक परत बसवताना नट एकाआड एक, समोरासमोर आवळा, आणि गाडी खाली टेकवल्यावर शेवटचा पीळ द्या. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पाना घेऊन सगळे नट एकदा परत तपासा.